देवीरम्मा मला सांगून गेली होती

तुला जाऊन तीन आठवडे उलटून गेले, वत्सला. चौथ्याच दिवशी वकिलांच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. टेबलावर काळ्या कोटातला तुझा तो फोटो होता, ज्यात तू फोटोग्राफरवर वैतागलेली दिसतेस. तुझी लेक रश्मी पुढच्या रांगेत बसली होती. सगळे कन्नडमध्ये बोलले, आणि चांगलं बोलले. शेवटी तुझ्या हाताखाली शिकलेला एक तरुण वकील उठला. म्हणाला, "मॅडम दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभं करायच्या आणि आत जाण्याआधी देवीरम्माची गोष्ट सांगायच्या. गोष्ट संपली की म्हणायच्या, मी तिला विचारलं नाही, तुम्ही विचारा. एवढ्या मोठ्या वकील, पण स्वतःची चूक पोरांसमोर उघडी करायला त्यांना कधी संकोच वाटला नाही."

हॉलभर माना हलल्या. मी माझ्या चपलांकडे बघत बसले.

ती गोष्ट तू बत्तीस वर्षं सांगितलीस आणि ती अर्धीच होती. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

मराठीत लिहितेय म्हणून हसू नकोस. माझी आई बेळगावकडची, म्हणून माझं मराठी जरा नीटनेटकं, आणि त्यावरून तू मला 'पुस्तक' म्हणायचीस. तुमच्या म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या घरात तर एका वाक्यात दोन शब्द मराठी आणि चार कन्नड. "सुम्मने बस गे कमू, डोकं खाऊ नको," हे तुझं मला गप्प करायचं वाक्य. पण कॉलेजात आणि कोर्टात आपण दोघी मराठीतच बोलायचो, कारण आजूबाजूला कुणाला कळायचं नाही. न्यायाधीशाच्या नाकावर, कारकुनाच्या विगवर, आपल्या सरांच्या इंग्रजीवर आपण त्यांच्या तोंडासमोर बोललोय. त्या भाषेत तुझ्याशी काहीही बोलता यायचं. हेच तर मला आता सोसत नाही.

कायद्याचे वर्ग सकाळी सात ते दहा असायचे. त्यानंतर सगळा दिवस मोकळा. दुसऱ्या वर्षी सरांनी विचारलं की तुरुंगातल्या महिला विभागात जाऊन ज्यांना वकील नाही त्यांचे अर्ज लिहायला कोण येईल. वर्गात आपण मुली पाच. दोनच हात वर झाले. एक तुझा होता. दुसरा माझा होता, पण तो तू धरून वर केला होतास. मी रागानं तुला चिमटा काढला. तू म्हणालीस, "पुस्तकं वाचून वकील होणारेस काय? चल, खऱ्या माणसांत चल."

विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून सरांनी आपल्याला नागराजय्या वकिलांकडे सोपवलं. तेव्हाच सत्तरीला आलेले, पांढरे केस, कोटाच्या कोपरांना ठिगळं. सही आणि युक्तिवाद त्यांचा, पाय आणि अक्षर आपलं, अशी वाटणी. आपला पहिला अर्ज आठवतो? आपण दोघींनी तो तुझ्या वडिलांच्या दुकानात बसून लिहिला होता. वडील पत्र्याच्या ट्रंकेच्या कडा ठोकत होते आणि आपण त्या ठोकण्यात एकमेकींना ओरडून कलमं सांगत होतो. साडेतीन पानं झाली. चार ठिकाणी 'नम्र विनंती'. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणारा टंकलेखक ती पानं वाचून इतका हसला की त्यानं शेजारच्या टंकलेखकाला बोलावून दाखवली. नागराजय्यांनी मात्र हसू दाबलं. लाल पेनानं सगळं खोडून सात ओळी ठेवल्या आणि म्हणाले, "कोर्टाला वेळ नसतो, मुलींनो. वेळ फक्त आतल्या बाईकडे असतो."

त्या सात ओळींवर ती बाई सुटली. निकाल कळल्यावर तू कोर्टाच्या पायऱ्यांवरून शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरलीस आणि चप्पल तुटली. मी तुला अनवाणी चालवत घरी आणलं. इतकी आनंदी मी त्यानंतर फार कमी वेळा झालेय, आणि ते तुझ्यामुळे, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

मग देवीरम्मा.

नंजनगूडच्या पुढे, कालव्यापलीकडच्या एका खेड्यातली विधवा. म्हैसूरला एका घरी भांडी घासायची. त्या घरातलं चांदीचं निरांजन हरवलं आणि हिच्यावर आळ आला. तिला जामीन मंजूर होऊन अकरा महिने झाले होते, पण जामीनदार म्हणून सही करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती आतच. आपण कागद घेऊन धावत नागराजय्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "यात कायद्याचं काम कधीच झालंय. आता पायांचं काम राहिलंय. कुणीतरी माणूस शोधा."

ती कशी होती हे तू पोरांना सांगायचीस का गं? की नुसती तिची केस सांगायचीस? महिला विभागातल्या बायका तिच्याकडून केस विंचरून घ्यायच्या. आपण गेलो की आधी "ऊटा आयता?" विचारायची, जेवलात का म्हणून, जणू आपणच तिच्या दारात आलेल्या पाहुण्या. तोंडावर हात ठेवून हसायची, पुढचा एक दात पडला होता म्हणून. एकदा माझ्या ओढणीचा उसवलेला काठ तिनं बोलता बोलता टाचून दिला. सुईदोरा कुठून काढला देव जाणे.

माणूस तू शोधलास. मला सर्दी झाली होती म्हणून मी आले नाही. सर्दी होती हे खरं, पण येता आलं असतं. तू एकटी सकाळच्या गाडीनं नंजनगूडला गेलीस, तिथून बसनं, मग चालत. संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिलीस तेव्हा गुडघ्यापर्यंत लाल माती आणि हातात रसबाळे केळ्यांची फणी. "मिळाला गे! तिचा दीर. केवढा सज्जन माणूस! मी नीट सांगायच्या आतच म्हणाला, येतो अम्मा, माझी वहिनी आहे ती, सही करतो. जमिनीचा उतारासुद्धा काढून ठेवला होता." आपण केळी खाल्ली. माझी आई म्हणाली, अशी माणसं अजून आहेत म्हणून जग चाललंय.

शनिवारी आपण तिला सांगायला गेलो. दाराशी बसलेली मेट्रन स्वेटर विणत होती. तू देवीरम्माचे दोन्ही हात धरलेस आणि बातमी सांगितलीस. ती काही बोलली नाही. तू मला मराठीत म्हणालीस, "बघ, आनंदानं पापा, बिचारीच्या तोंडातून शब्द निघत नाही." मग तिच्या अंगठ्याचा ठसा घेतलास आणि त्यावर अधिकाऱ्याची सही आणायला ऑफिसकडे गेलीस.

तू दाराबाहेर पडलीस तशी तिनं माझं मनगट धरलं. अंगठ्याला शाई तशीच होती.

"अवनु ब्याड कणव्वा," ती म्हणाली. तो नको, बाई.

मी विचारलं, का?

नवरा गेल्यापासून दीर नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवर तिचा अंगठा मागत होता. ती देत नव्हती. म्हणूनच गाव सोडून शहरात भांडी घासायला आली होती. "बाहेर नेईल आणि अंगठा घेईल," ती म्हणाली. "अंगठा घेतल्यावर मी त्याला कशाला हवी? मी इथं बरी आहे. त्या अक्काला सांग. तिला वाईट वाटेल म्हणून मी तोंडावर बोलले नाही. तू सांग."

मी म्हटलं, "हेळतीनी." सांगते.

असं म्हटलं मी, वत्सला. तोंडानं कबूल केलं.

तू परत आलीस, हातातला कागद वाळवत, चेहरा दिव्यासारखा. "सोमवारी ही बाहेर, कमू! नागराजय्या म्हणाले, दोन मुलींनी एका आठवड्यात जे केलं ते माझ्या तीन ज्युनिअरना वर्षभरात जमलं नाही." मेट्रनला मराठी येत नव्हतं. देवीरम्माला येत नव्हतं. तिथं उभ्या उभ्या तुला सांगता आलं असतं, कुणालाही न कळता. देवीरम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं असेल, सांगतेय. मी तुझ्याशी जे दोन शब्द बोलले ते तिला तेच वाटले असतील. मी काय बोलले ते मला चांगलं आठवतंय. मी म्हटलं, "उशीर होतोय, चल."

का नाही सांगितलं, याची कारणं मी एवढ्या वर्षांत पुष्कळ जमवली. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. घराघरांत जमिनीवरून भांडणं असतातच, असं मला वाटलं. सांगितलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणखी कित्येक शनिवार. ही सगळी कारणं खरी आहेत. पण एक आणखी आहे. तो माणूस तू शोधला होतास, मी घरी पांघरूण घेऊन पडले असताना. आता मी जर म्हटलं असतं की हा माणूस नको, तर तुला वाटलं असतं की कमूला जळफळाट होतोय. आणि होत होता गं. थोडा होत होता. तो दिसेल म्हणून मी गप्प बसले.

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. जामीनदार नसलेल्या गरीब आरोपीला स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडा, असा अर्ज नागराजय्या करू शकले असते. त्या वर्षीच्या पेपरात त्यावरच प्रश्न आला. मी सहा पानं उत्तर लिहिलं. वर्गात सरांनी ते वाचून दाखवलं. तू मागच्या बाकावरून टाळी वाजवलीस.

सोमवारी ती सुटली. दीर आला होता, धुतलेला पांढरा शर्ट, कपाळावर विभूती. दर वाक्याला तुला हात जोडत होता. देवीरम्माचं गाठोडं त्यानंच उचललं. तू तिला तुझ्या नव्या चपला दिल्यास. बस स्टँडवर बसमध्ये चढल्यावर तिनं खिडकीतून तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. एखादी बाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारते ना, सांगितलंस का गं निरोप? तशी बघत होती. बस सुटेपर्यंत.

पुढच्या तारखेला ती कोर्टात आली नाही. नागराजय्या म्हणाले, वॉरंट निघेल, बघून या. तू गेलीस. या वेळी मीही यायला हवं होतं, नाही आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुराव्याच्या कायद्याचा तास चालू असताना तू आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि माझ्या वहीच्या समासात लिहिलंस, 'देवीरम्मा गेली.' मी तासभर ते वाक्य झाकून त्यावर हात ठेवून बसले.

कालव्यात पाय घसरला, असं गावानं तुला सांगितलं. सुटून बारा दिवस झाले होते. जमीन त्याआधीच दिराच्या नावावर झाली होती, तिच्या अंगठ्यानं. त्या हद्दीतल्या पोलिसांनी अपघात लिहून कागद बंद केला. कोर्टानं आरोपी मयत म्हणून चोरीचा खटला निकाली काढला. निरांजन कुणी नेलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तू मात्र सोडायला तयार नव्हतीस. नागराजय्यांच्या टेबलासमोर उभी राहून तू म्हणत होतीस, हा खून आहे, तक्रार करू. ते म्हणाले, "अम्मा, मलाही तसंच वाटतंय. पण कोर्टाला आपलं वाटणं नको असतं. ती त्याला भीत होती, हे ती कुणाजवळ तरी बोलली असेल का? तसा माणूस असेल तर मी आज अर्ज लिहितो."

तू माझ्याकडे वळलीस. "कमू, मी ऑफिसात गेले होते तेव्हा ती तुझ्याशी काही बोलली का गे?"

खोलीत पंखा फिरत होता. नागराजय्यांनी लेखणीचं टोपण काढलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

आधी मी गप्प राहिले होते. आता मी खोटं बोलले, आणि ते बोलताना मला पुरतं ठाऊक होतं की या एका शब्दानं तो पांढऱ्या शर्टातला माणूस सुटतोय. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुठला आला असता? मग तू सांगितलं का नाहीस. त्या प्रश्नाला मी भ्याले. नागराजय्यांनी टोपण लावलं. तू खाली बसलीस आणि म्हणालीस, "मी विचारलंच नाही तिला. हा माणूस चालेल का, एवढंसुद्धा नाही विचारलं."

ते वाक्य त्या दिवशी जन्मलं. मी तिथं होते.

पुढचं तुला माहीत आहे. मी बँकेची परीक्षा दिली आणि कायदा विभागात चिकटले. तू फौजदारी वकील झालीस आणि दर शनिवारी तुरुंगात जात राहिलीस, लग्न झालं तरी, रश्मी पोटात असताना, वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा. जामीनदाराचं नाव कैद्याला एकांतात विचारल्याशिवाय कागद पुढे न्यायचा नाही, हा तुझा नियम. त्या नियमानं किती बायका वाचल्या असतील, मला माहीत नाही. तुझ्या सभेत तीन आल्या होत्या. एकीनं तुझ्या फोटोला मोगऱ्याचा गजरा घातला आणि कुणाशी न बोलता निघून गेली.

दर वर्षी तू मला विचारायचीस, "शनिवारी येतीस का?" दर वर्षी माझ्याकडे कारण तयार असायचं. बँकेत माझ्यासमोर गहाणखतं यायची, त्यावर खेड्यातल्या बायकांचे अंगठे. मी ते कागद घाईनं उलटायची. हाताखालचे लोक म्हणायचे, मॅडम किती भरभर काम करतात.

एकदाच आपलं खरं भांडण झालं, तुझ्या वडिलांच्या दुकानात, ते गेल्यानंतर तू सामान आवरत होतीस तेव्हा. मी म्हटलं, "पुरे कर आता. एका बाईसाठी जन्मभर स्वतःला शिक्षा करतीस तू." तू पत्र्याचा तुकडा खाली ठेवलास. "मग कुणी भोगायची गे ती?" एवढंच विचारलंस. आवाज चढवला नाहीस. मी पर्स उचलून घरी गेले. सहा महिने आपण बोललो नाही. मग तूच आलीस, उगादीचं बेवु-बेल्ला घेऊन, आणि भांडणाचा विषय काढला नाहीस. मला त्या दिवशी ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि मी कडुनिंब आणि गूळ चघळत उभी राहिले.

तुला कळलं होतं का, वत्सला? हे मला कुणी सांगणार नाही आता. हॉस्पिटलात दुपारी मी तुझ्याजवळ बसले होते. रश्मीचे बाबा औषध आणायला खाली गेले होते. तुला ताप होता. तू डोळे उघडलेस आणि पलंगाच्या पायथ्याकडे बघत म्हणालीस, "आलीय बघ."

"कोण?"

"देवीरम्मा. आठ दिवस येतीय. काही बोलत नाही." मग हळूच, जसं आपण कोर्टात बोलायचो तसं, "माझ्याकडं बघतच नाही गे. तू बसतीस त्या खुर्चीकडं बघते."

मी वळून बघितलं. पायथ्याशी कुणी नव्हतं. सलाईनचा स्टँड होता आणि खिडकी.

"विचार ना तिला," तू म्हणालीस, "काय सांगायचंय ते."

तेव्हाही सांगता आलं असतं. तू शुद्धीवर होतीस, माझं बोट धरलं होतंस. मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हटलं, "ताप आहे तुला, झोप." तू झोपलीस. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतीस.

तेव्हापासून ती माझ्या घरी आहे. मी काही घाबरवायला म्हणून सांगत नाही. दिसत नाही ती. पण जेवायला बसले की कुणीतरी विचारतं, ऊटा आयता? आणि मनगटाला ओली शाई लागल्यासारखं वाटून मी हात पुसते. नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही. 'नाही' हा शब्द माझ्या तोंडात चांगला बसलाय.

तेराव्यानंतर रश्मीनं मला बोलावलं. तुझे कोट कुणाला द्यायचे ते ठरवायचं होतं. तिचं कायद्याचं शेवटचं वर्ष आहे, तुला ती कोटात बघायची होती. पलंगावर पाच कोट पसरले होते. ती म्हणाली, "मावशी, या वर्षीच्या ज्युनिअर्सना देवीरम्माची स्टोरी मी सांगणार आहे. आई सांगायची तशीच. तुम्ही तेव्हा सोबत होता ना? काही चुकलं तर करेक्ट करा." आणि ती सांगायला लागली. हुबेहूब तुझा आवाज, वत्सला. तसंच मध्ये थांबणं. 'मी तिला विचारलं नाही,' इथपर्यंत ती आली आणि मी म्हटलं, "थांब. हे चुकलंय."

मी सगळं सांगितलं. मनगट, शाई, माझं 'हेळतीनी', नागराजय्यांची खोली, तुझा प्रश्न, माझं उत्तर. हॉस्पिटलसुद्धा. तिनं मध्ये तोडलं नाही. संपल्यावर फक्त विचारलं, "आईनं तुम्हाला स्ट्रेट विचारलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

तिनं हातातला कोट घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. तिचे डोळे कोरडे होते, तुझ्यासारखेच, रागात कोरडे पडणारे. "थर्टी टू इयर्स, मावशी. आई प्रत्येक शनिवारी जायच्या आधी देवासमोर उभी राहून सॉरी म्हणायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया म्हणतात." मग म्हणाली, "तुम्ही आता जा."

मी गेले. तुझ्याजवळ मला कणव मागायची नाही. चूक तुझी नव्हती. तू विचारलं असतंस तरी तिनं तुला वाईट वाटू नये म्हणून कदाचित सांगितलं नसतं. तिनं जिला सांगायचं तिला सांगितलं होतं. हे वाक्य तुझ्या कानावर पडायला हवं होतं आणि मी ते तुझ्या मुलीच्या कानावर घातलं. उशीर झाला, आणि तोही चुकीच्या माणसाला.

नऊ दिवस रश्मीचा फोन नाही. मी केला नाही, बोलायचं की नाही हे ठरवायचा अधिकार तरी मी तिच्याकडे ठेवला. काल दुपारी तिचा नंबर दिसला. मी उचलला. तीच बोलली, कोरड्या आवाजात, अर्ज वाचून दाखवावा तशी.

"मावशी, शनिवारी दहा वाजता तुरुंगाच्या गेटवर. आयडी आणा. फोन आत नेता येत नाही."

मी विचारलं, "रश्मी, तू मला माफ..."

"नाही," ती म्हणाली. "ते मला जमणार नाही, बहुतेक. पण तिथं एक नवी बाई आलीय, हुणसूरकडची. तिच्या भावाला जामीन राहायचंय. खूप स्वीट बोलतो तो. मी एकटी आत गेले तर कागद बघायचे की तिच्याकडे बघायचं, हे मला कळत नाही."

"मी काय करू?"

तिनं नाक ओढलं.

"कागद मी बघते. तुम्ही ऐका. आणि बाहेर आल्यावर ती जे बोलली ते मला सांगा. सगळं सांगा."